‘ती’ची ‘ते’ कधी झाली?

गेल्या महिन्यात एका जळालेल्या मुलीच्या आईसोबत शवागाराबाहेर बसले होते. लग्नाला जेमतेम 3 वर्षं झालेली. सकाळपर्यंत वॉर्डात तिला नावाने हाक मारत होते. आता आतून ओरडले, "बॉडी कुणाची? सही करा." पंचनाम्यात तर ‘सदर प्रेत उताणे, ते जळालेले’. आई म्हणाली, "ताई, नाव लिवायला सांगा की."

घरी येऊन कोश काढला. ‘मढं’ संस्कृत ‘मृत’वरून, प्राकृतातून आलेलं. ‘मुडदा’ फारसी, आपण शिवीतच वापरतो. ‘प्रेत’पाशी मात्र थांबले. प्र आणि इत: पुढे गेलेला, निघून गेलेली. म्हणजे मुळात हा शब्द गेलेल्या माणसाचा, मागे उरलेल्या देहाचा नव्हे. मराठीत तो देहाला चिकटला, नपुंसकलिंगी झाला, आणि त्यातून बाईच गायब झाली.

लग्नानंतर 7 वर्षांच्या आत बाईने आत्महत्या केली तर शवविच्छेदन व्हायलाच हवं, ही तरतूद 1983 साली कायद्यात आली, 2023च्या नव्या संहितेतही आहे. पण कागदावरच्या भाषेकडे आपण कधी पाहिलं? ‘बॉडी’ म्हटलं की सगळ्यांना घाई सुटते: ताबा कोणाकडे, सासरी न्यायची की माहेरी. कोण गेली, कशाने गेली, हे मागेच राहतं.

हवालदाराशी वाद घालून मी तिचं पूर्ण नाव लिहून घेतलं. "बाई, काय फरक पडतो?" तो म्हणाला. आईने ते दोनदा वाचून दाखवायला लावलं, मग अंगठा दिला.