गुडघ्यांसाठी ताई ची

रामाकोन्याच्या शिवारात कापूस वेचून, संत्र्याच्या बागेत राबून अनेकांचे गुडघे लवकर धरतात. अशांनी मोबाइलवरील चित्रफीत पाहून घरीच ताई ची शिकावी, असे आमचे मत आहे. हा चीनमधील संथ व्यायाम. सिडनीचे डॉक्टर पॉल लॅम यांनी १९९७ साली संधिवाताच्या रुग्णांसाठी त्याचा सोपा प्रकार बसवला. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत गुडघ्याच्या झिजेसाठी ताई चीची ठाम शिफारस केली आहे.

दिवसभर राबतो, मग आणखी व्यायाम कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाकून केलेल्या कामाने सांधे शिणतात. येथे अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश, तोल सांभाळून न्यायचा असतो. म्हाताऱ्यांचे पडणेही त्याने कमी होते.

अडचण एकच : चित्रफितीला आपली चूक दिसत नाही. शिक्षक पाठमोरा दिसेल अशीच निवडावी, नाहीतर डावे-उजवे उलटते. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये. आठवड्याला एकच हालचाल पुरे. गुडघा सुजला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. ओसरीवर नातवंडांना समोर बसवावे. ती हसतील, हसू द्यावे. चूकही तीच दाखवतील.