बूस्टर घेण्याआधी एवढं तपासा

मोबाइलचं नेट रखडलं की आधी आपण फोन बंद करून सुरू करतो, मग कंपनीच्या नावाने बोटं मोडतो, आणि तरीही भागलं नाही की घरात नवा फोन किंवा ऑनलाइन मिळणारा ‘सिग्नल बूस्टर’ घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. माझी कळकळीची विनंती आहे, पैसे खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा. रिचार्जमध्ये, फोनमध्ये, घराच्या भिंतींत की बाहेरच्या टॉवरवर? अर्ध्या तासात बरंचसं कळतं.

सुरुवात रिचार्जपासून करा, कारण हे कारण सगळ्यांत सोपं असूनही सगळ्यांत शेवटी आठवतं. बऱ्याच पॅकमध्ये रोजचा दीड-दोन जीबी डेटा संपला की नेट बंद पडत नाही, त्याचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने दोन एमबीचा एक फोटो उघडायला चार मिनिटांहून जास्त लागतात, आणि आपल्याला वाटतं रेंज गेली. ‘अनलिमिटेड ५जी’वाल्यांची तर इथे हमखास गफलत होते. अमर्याद असतो तो फक्त ५जीवर वापरलेला डेटा. घरात शिरल्यावर फोन ४जीवर आला की रोजच्या कोट्यातून डेटा कापला जातो. मुलांनी संध्याकाळभर व्हिडिओ पाहिले की रात्री वीजबिल भरताना स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं. म्हणून आधी कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक डेटा बघा. व्हॉट्सॲपवरचं आपोआप डाउनलोड आणि फोटोंचं बॅकअप वाय-फायपुरतंच ठेवा.

डेटा शिल्लक आहे, तरी नेट अडतंय? मग रेंज आणि वेग या दोन गोष्टी वेगळ्या करा. ‘दांड्या फुल आहेत, पण नेट चालत नाही’ ही मुंबई-पुण्यात नेहमी ऐकू येणारी तक्रार आहे आणि ती खरी असते. टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतोय, एवढंच दांड्या सांगतात. त्याच वेळी त्या टॉवरवर किती जण नेट वापरताहेत, ते त्यांत दिसत नाही. चाळीतल्या सामाईक नळाला पाणी जोरात येत असलं, तरी पुढे वीस बादल्या असतील तर आपली बादली उशिराच भरणार. संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावर आणि विसर्जनाच्या रात्री पुण्याच्या लक्ष्मी रोडवर हेच होतं. रात्री जेवणं आटोपल्यावर आपल्या गल्लीतही तेच होतं. पडताळायचं असेल तर दूरसंचार नियामक ‘ट्राय’चं मायस्पीड ॲप घ्या. एकाच खोलीत, एकाच जागी बसून पहाटे पाच वाजता वेग मोजा आणि रात्री दहाला पुन्हा मोजा. पहाटे सुसाट आणि रात्री ठप्प असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. फोन किंवा सिम बदलून त्यात काही फरक पडणार नाही.

उंच इमारतींमध्ये राहायला गेलेल्यांचं दुखणं थोडं वेगळं असतं. मोबाइल टॉवरचे अँटेना बहुधा खाली, रस्त्याच्या दिशेने झुकवलेले असतात. विसाव्या-पंचविसाव्या मजल्यावरच्या फोनला मात्र दूरदूरचे अनेक टॉवर एकदम ‘दिसतात’ आणि त्यांचे सिग्नल एकमेकांना अडथळा करतात. दांड्या भरलेल्या दिसतात, वेग मात्र मिळत नाही. अशा घरात खिडकी सोडून आतल्या किंवा विरुद्ध बाजूच्या खोलीत वेग मोजून बघा. कधी कधी तिथे चांगला मिळतो.

रेंजच कमी असेल तर दांड्यांवर विसंबू नका, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की डीबीएममध्ये सिग्नलच्या जोराचा आकडा दिसतो. तो उणे असतो. ४जीवर उणे ८५च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०च्या खाली गेला तर कठीण. हा आकडा बघत घरभर हिंडा. काँक्रीट, पत्र्याचं छप्पर आणि धातूचा थर दिलेली काच सिग्नल अडवतात. शहरात ५जी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि त्या भिंतींतून फारशा आत येत नाहीत; ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच आत शिरतात. घरात फोन सारखा ५जी-४जी, ५जी-४जी करत असेल तर तेवढ्यापुरता ४जीवर ठेवा, फक्त कोट्यावर लक्ष असू द्या. घरी ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग आजच सुरू करा. घरात म्हातारी माणसं असतील तर हे नक्कीच करा, कारण अडीअडचणीला त्यांचा फोन लागलाच पाहिजे.

शेजाऱ्याचा तुमच्याच कंपनीचं सिम असलेला फोन तुमच्या घरात नीट चालतो का? चालत असेल तर तुमचं सिम त्याच्या फोनमध्ये घालून बघा. तिथेही रखडलं तर सिम बदलून घ्या. मात्र सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपी येत नाही. त्यामुळे बँकेचं महत्त्वाचं काम असेल त्या दिवशी हे करू नका.

आता बूस्टरबद्दल. परवान्याशिवाय तो लावणंच काय, जवळ बाळगणंही बेकायदा आहे. पण कायद्यापेक्षाही मला शेजाऱ्यांची काळजी वाटते. हलक्या दर्जाचा बूस्टर टॉवरच्या दिशेने नुसता गोंगाट फेकतो. त्यात लांबच्या फोनचे क्षीण सिग्नल बुडून जातात आणि आख्ख्या परिसराचे कॉल तुटायला लागतात. तुमच्या घरी दोन दांड्या वाढतात, पण पलीकडच्या इमारतीतून कुणाला ११२ लावायचा असेल तर तो लागत नाही.

सोसायटीच्या सभांमध्ये टॉवरला विरोध करणाऱ्यांशीही थोडं बोलायचं आहे. किरणोत्सर्गाची भीती मी समजू शकतो. भारताने १ सप्टेंबर २०१२पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. शिवाय टॉवर जितका लांब, तितका आपल्या हातातला फोन जास्त जोर लावून सिग्नल फेकतो, आणि तो फोन आपण कानाला लावतो. बॅटरीही त्यामुळेच लवकर उतरते. ठराव करण्याआधी सभेत हेही मांडा. गच्चीवर टॉवर नकोच असेल, तर इमारतीच्या आत छोटे अँटेना बसवून देण्याची मागणी सोसायटीच्या लेटरहेडवर कंपनीकडे करता येते.

टॉवरचा दोष दिसला तर १९८ला फोन करून तक्रार नोंदवा आणि डॉकेट क्रमांक लिहून ठेवा. ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका. जागा, वेळ, डीबीएम आणि मोजलेला वेग सांगा. एकाच इमारतीतून दहा जणांनी एकाच आठवड्यात तक्रार केली तर तिला वजन येतं. उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे खेटे घालू नका.

तरीही काही हललं नाही, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदला. त्याआधी कंपन्यांच्या संकेतस्थळांवरचे कव्हरेज नकाशे बघा. ज्या कंपनीकडे जायचंय तिचं सिम असलेल्या पाहुण्याला घरी बोलवा आणि त्याचा फोन स्वयंपाकघरात, न्हाणीघराशी, पलंगाशी धरून आकडा पाहा. तो पटला की ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९००ला एसएमएस करा. एक लक्षात ठेवा, सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस पोर्ट करता येत नाही.