नवस हा सौदा नाही

प्राचीन रोमन लोकांच्या धर्माबद्दल आपल्याकडे जे थोडंफार बोललं जातं, त्यात एक मत हमखास ऐकू येतं. या लोकांना श्रद्धा नव्हती, व्यवहार होता. 'मी देतो, तू दे' एवढंच त्यांचं देवाशी नातं. कायदा, रस्ते आणि सैन्य यांत ते थोर, पण देवापुढे मात्र कोरडे. हे मत रोमपाशी थांबत नाही. मेहकरला शारंगधर बालाजीच्या देवळात लेकराच्या दुखण्यासाठी नवस बोलणाऱ्या बाईलाही शिकलेला माणूस तेच ऐकवतो: ही भक्ती नाही, देवाशी चाललेला सौदा आहे. मला या दोन्ही आरोपांना एकत्रच उत्तर द्यायचं आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी चूक एकच आहे.

आरोप नवा नाही. एकोणिसाव्या शतकात थिओडोर मॉमसेनसारख्या मोठ्या जर्मन इतिहासकाराने रोमन धर्म कायद्याच्या चौकटीतून पाहिला, आणि तिथून तो करारासारखा दिसला. खरा धर्म म्हणजे मनातला विश्वास, बाहेरचा विधी दुय्यम, ही मोजपट्टी त्या काळच्या प्रोटेस्टंट युरोपची होती. तिने मोजल्यावर रोमन धर्म तोकडा ठरणारच. ती मोजपट्टी आपण इंग्रजी शाळांतून उचलली आणि आधी रोमला, मग स्वतःच्या आजीला लावली.

आता नवसाची घडण पाहा. सौद्यात वसुली करणारा कोणी तरी असतो. नवसात कोण असतो? काम झाल्यावर नवस फेडला नाही तर दारात कोणी येत नाही, कोर्टात कोणी खेचत नाही. माणसाला फक्त त्याचा शब्द बांधून ठेवतो. इ. स. पूर्व २१७ मध्ये शत्रुसेनापती हॅनिबलने त्रासिमेनो सरोवराकाठी रोमन सैन्य कापून काढलं, तेव्हा रोमने देवांचा राजा ज्युपिटर याला नवस बोलला: पाच वर्षं राज्य सुरक्षित राहिलं तर एका वसंतात जन्मलेली डुकरं, मेंढ्या, शेळ्या, गुरं तुला वाहू. तो फेडला गेला इ. स. पूर्व १९५ मध्ये. मधे २२ वर्षं गेली होती, हॅनिबलचा धोका टळला होता, नवस बोलणाऱ्यांतले कितीतरी जण हयात नव्हते. तरी फेडला. आणि मुख्य पुरोहिताने विधीत उणीव राहिल्याचं सांगितलं, म्हणून पुढच्याच वर्षी पुन्हा फेडला. टीकाकार इथे कर्मकांडाचा काच पाहतात. मला दिसतं ते असं राष्ट्र, जे मेलेल्या पिढीने दिलेला शब्द जिवंत पिढीवर बंधनकारक मानतं. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत सापडलेल्या वेदींवर चार अक्षरं कोरलेली असतात. त्यांचा अर्थ असा, की अमुक माणसाने नवस आनंदाने आणि देवाच्या योग्यतेला साजेसा फेडला. नुसता 'फेडला' लिहून भागलं असतं. त्यांनी 'आनंदाने' कोरून घेतलं.

रोमन देवांची यादी वाचली की अनेकांना हसू येतं. उंबऱ्याचा वेगळा, बिजागरीचा वेगळा, तापाची एक देवी, शहराच्या गटाराचीही एक देवी. ज्याला खोकल्याची देवी, मरीआई आणि शितळा ठाऊक आहेत, त्याने तरी हसू नये. गव्हावर पडणाऱ्या तांबेऱ्याचा त्यांचा एक देव होता, रोबिगस. २५ एप्रिलला, कणसं भरायच्या दिवसांत, त्याचा सण असे आणि कुत्र्याचा बळी दिला जाई. ओव्हिड या कवीने त्या सणातली पुजाऱ्याची प्रार्थना आपल्या काव्यात घातली आहे. पुजारी तांबेऱ्याला विनवतो, की पीक सोड, खायचंच असेल तर तलवारी आणि भाले खा, जगाला त्यांची गरज नाही. कुत्रा मारणं मला पटत नाही. पण या प्रार्थनेला कोरडा करार म्हणणाऱ्याने हाताशी आलेलं शेत गमावणं म्हणजे काय ते पाहिलेलं नसावं.

शिवेचा देव टर्मिनस त्याहून मोलाचा. दरवर्षी २३ फेब्रुवारीला दोन शेजारी आपापल्या बाजूने सीमेच्या दगडाला हार घालत, धान्य आणि मध वाहत, आणि तिथेच एकत्र जेवत. कॅपिटोलाइन टेकडीवर ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधताना बाकीच्या देवांनी जागा सोडली, टर्मिनस हलला नाही, अशी त्यांची कथा आहे. म्हणून त्या देवळात त्याच्या दगडाच्या वर छताला भोक ठेवलं होतं. देवांच्या राजालाही ओलांडता न येणारी शीव! आपल्याकडे वीतभर धुऱ्यावरून भाऊभाऊ आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या चढतात. त्या धुऱ्यावर वर्षातून एकदा दोघांना जेवायला बसवणारा देव मला कुठल्याही तत्त्वज्ञानाहून कमी वाटत नाही.

श्रद्धा नव्हती म्हणणाऱ्यांनी मध्य इटलीतल्या देवस्थानांच्या उत्खननात निघालेले ढीग पाहावेत: भाजलेल्या मातीचे डोळे, हात, पाऊल, गर्भाशय, कापडात गुंडाळलेली तान्ही मुलं. जे दुखलं, जे हवं होतं, ते देवाला दाखवून ठेवलेलं. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे आणि पाळणे वाहतात ते याच भावनेने.

आणि रोमन वक्ता व विचारवंत सिसेरो? शकुन पाहणाऱ्या पुरोहितमंडळाचा तो स्वतः सदस्य होता, तरी इ. स. पूर्व ४४ मध्ये शकुनविद्येची चिरफाड करणारा ग्रंथ त्याने लिहिला. रोमन सुशिक्षितांचा कशावर विश्वास नव्हता, याचा पुरावा म्हणून त्याचंच नाव पुढे केलं जातं. पण त्याच्या आधीच्याच वर्षी त्याची लेक तुलिया बाळंतपणानंतर गेली. तेव्हाची ॲटिकस या मित्राला लिहिलेली पत्रं उरली आहेत. त्यांत तो जागा शोधतो आहे, किमती विचारतो आहे. त्याला लेकीसाठी थडगं नको होतं, देऊळ हवं होतं, आणि हा फरक तो पुन्हा पुन्हा बजावतो. ते देऊळ झालं नाही. पण तर्काने सगळं तपासणाऱ्या या माणसाच्या धर्माला आपण दोन हजार वर्षांनी कोरडा म्हणावं, याचा मला राग येतो.

देवाच्या मूर्तीकडे पाहायची रोमन दृष्टी मेहकरकरांना चटकन समजेल. शारंगधराची सुमारे अकरा फुटी काळ्या पाषाणाची मूर्ती १८८८ साली इथे जमिनीतून निघाली. गोऱ्या अधिकाऱ्यांना ती विलायतेला न्यायची होती आणि गावकऱ्यांनी ती जाऊ दिली नाही, असं मेहकरात आजही सांगतात. रोमनांनी इ. स. पूर्व ३९६ मध्ये वेई हे शत्रूचं शहर जिंकलं, तेव्हाची इतिहासकार लिव्हीने दिलेली हकिकत याच्या शेजारी ठेवा. तिथल्या जुनो देवीला न्यायला निवडलेली तरुण मुलं अंघोळ करून, पांढरी वस्त्रं नेसून देवळात गेली आणि बिचकत हात लावला. एकाने विचारलं, जुनो, रोमला येतेस का? देवीने मान डोलावली, असं बाकीचे म्हणाले. जिंकलेल्यांचा देव उचलणं ही लूटच, ती मी झाकत नाही. पण त्या लुटारूंनाही देवीची परवानगी विचारावीशी वाटली. संग्रहालयासाठी मूर्ती मोजून पेटीत भरणाऱ्याला तो प्रश्न सुचतच नाही, आणि मेहकरच्या लोकांचा झगडा नेमका त्या न सुचण्याशी होता.

इथे दुसऱ्या टोकाचा समाचार घ्यायला हवा. लेखक पु. ना. ओक आणि त्यांचे वाचक म्हणत आले आहेत, की रोम म्हणजे राम, व्हॅटिकन म्हणजे वाटिका, आणि रोमन देव मुळात आपलेच. नाही. ज्युपिटर आणि वेदातला द्यौस् पितर यांचं मूळ एक आहे, ते ध्वनिबदलांच्या नियमांनी सिद्ध होतं. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. खरी देवघेव हवी असेल तर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात निघालेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती पाहा. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती पाहा. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनला निघाली आहे. व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून या मूर्ती एकमेकांच्या घरी गेल्या. परक्याचा मान ठेवायला तो आपलाच निघावा लागत नाही.

सगळ्यात जड आक्षेप घरचा आहे. नवससायासांवर तुकोबांनी घणाघात केला, मग मी नवसाची बाजू कशी घेतो? तुकोबांचा प्रहार देवाला राबवून घेणाऱ्या लोभावर आणि देवाच्या नावाने चालणाऱ्या हिंसेवर आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. रोमनांनी हॅनिबलकडून कॅनीला झालेल्या पराभवानंतर, इ. स. पूर्व २१६ मध्ये, दोन गॉल आणि दोन ग्रीक माणसं जिवंत पुरली. शीलभंगाचा ठपका आलेल्या, चुलीची देवी व्हेस्टा हिच्या पुजारिणींनाही ते जिवंत पुरत. याचं समर्थन होऊच शकत नाही. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो योग्यच केला. पण लोभी नवस आणि घाबरलेल्या आईचा नवस यांना एकाच पारड्यात टाकायची मुभा तुकोबांनी कोणालाही दिलेली नाही.

राहिला शेवटचा दावा: रोमन धर्म आतून पोकळ होता, म्हणून आपोआप गळून पडला. घडलं ते असं. इ. स. ३८२ मध्ये सम्राट ग्रेशनने देवस्थानांचा पैसा तोडला आणि सिनेटमधली विजयदेवीची वेदी हलवली. दोन वर्षांनी जुना धर्म मानणाऱ्या सिमॅकस या सिनेटरने नव्या सम्राटाला अर्ज केला, की इतक्या मोठ्या रहस्याकडे जायला एकच वाट पुरणार नाही, आमचीही राहू द्या. मिलानच्या बिशप ॲम्ब्रोजने विरोध केला आणि अर्ज फेटाळला गेला. ३९१-९२ मध्ये सम्राट थिओडोसियसने बळी, देवळात जाणं, अगदी घरातल्या देवांना धूप आणि दिवा दाखवणं, सगळ्यावर बंदी घातली. असे हुकूम पुढेही पुन्हा पुन्हा काढावे लागले. आणि सुमारे १८० वर्षांनी, आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागाचा बिशप मार्टिन खेड्यातल्या बाप्तिस्मा झालेल्या लोकांना रागावत होता, की तुम्ही अजून दगडांपाशी, झाडांपाशी, झऱ्यांपाशी आणि चौरस्त्यांवर दिवे लावता, चुलीतल्या ओंडक्यावर धान्य आणि द्राक्षमद्य ओतता, आणि झऱ्यात भाकर सोडता.