छोट्या नाट्यगृहात नाटकाला जाताय?

मोठ्या नाट्यगृहात हजारभर माणसांत आपण मिसळून जातो. छोट्या रंगमंचावर तसं होत नाही. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये जेमतेम २०० खुर्च्या आहेत, प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंचही असाच छोटा. नट दोन पावलांवर उभा असतो. तुमची कुजबुज त्याला ऐकू येते. म्हणून थोडी तयारी करून निघा.

तिकीट काढतानाच तीन गोष्टी विचारा. नाटक किती वेळाचं आहे? मध्यंतर आहे का? लहान मुलांना आणावं असं आहे का? अशा पुष्कळ नाटकांना मध्यंतर नसतं. मग घरून खाऊन निघा, गोळ्यांची वेळ सांभाळा. शुगर असेल तर हे विसरू नका. आत जाण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. मधेच उठलात तर कधीकधी नटांच्या समोरूनच जावं लागतं.

आजी-आजोबांना नेत असाल तर जिना किती चढावा लागतो, तेही विचारा. काही ठिकाणी बसायला पाठ नसलेले बाक किंवा सतरंजी असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे तास-दीड तास काढणं जड जातं. आधी सांगितलंत तर आयोजक बहुधा खुर्चीची सोय करतात. सांगायला संकोच करू नका.

अर्धा तास आधी पोहोचा. पृथ्वीला उशीर झाला तर आत घेत नाहीत. दाराशी भांडू नका. अंधारात एक माणूस आत आला की सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं, आणि नटाला पुन्हा सूर पकडावा लागतो.

फोन पूर्ण बंद करा. नुसता व्हायब्रेटवर ठेवलेला फोनही लहानशा खोलीत घुरघुरतो. फोनचा पडदा उजळला की तुमचा चेहरा उजळतो, तो नटाला दिसतो. घरी कुणी आजारी असेल, फोन घ्यावाच लागणार असेल, तर दाराजवळची जागा मागून घ्या. व्हिडिओ काढू नका. खोकला असेल तर खडीसाखर कागदातून काढून आधीच हातात ठेवा. प्लास्टिकची पिशवी आणि ओली छत्री बाहेर ठेवा. अत्तर बेतानं लावा, हवा कोंडलेली असते.

लहान मूल सोबत असेल तर दिवे पूर्ण विझतील, हे त्याला आधी सांगा. रडायला लागलं तर लगेच बाहेर घेऊन जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आत एखादीच खुर्ची आणि दोन दिवे दिसले तर फसवणूक झाली असं वाटून घेऊ नका. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून नाटकं केली, ती अशाच मोजक्या सामानात. मराठीतले कितीतरी मोठे नट आणि दिग्दर्शक तिथे घडले. सगळं लगेच कळलं नाही तरी बसून राहा. शेजाऱ्याला अर्थ विचारू नका, घरी जाताना बोला.

प्रयोगानंतर कलाकार बरेचदा बाहेरच भेटतात. नाटक आवडलं तर नेमकं काय आवडलं ते सांगा. खटकलं असेल तर तेही नीट विचारा, त्यांना ते हवं असतं. फुकट पास मात्र मागू नका. हॉलचं भाडं आणि दिव्यांचा खर्च तिकिटांतूनच निघतो. जाहिरातीला पैसे उरत नाहीत, म्हणून पुढच्या प्रयोगाची तारीख विचारून घ्या आणि शेजारच्या काकूंना कळवा.