चार पानांवरची ओळख

तळ्याकाठच्या चिखलात चार-चार पानांची हिरवी पसरण दिसली की फोन बाहेर निघतो. फोटो, अ‍ॅप, नाव. कुणी तिला नशिबाचे क्लोव्हर ठरवतो, कुणी आंबुशी. आंबुशीला पाने तीन आणि फूल पिवळे. इथे तर फूल कधी येतच नाही. कारण हे नेचे आहे, मार्सिलिया. कोवळे पान टोकापासून आत गुंडाळलेले असते, तेवढी खूण पुरते. पण ती पाहायला वाकावे लागते.

बरे, मार्सिलिया, पण कोणती? पानाला विचारून उपयोग नाही. पाणी खोल असले की पान लांब देठावर तरंगते, कडा सरळ राहतात. चिखलात तेच झाड आखूड देठावर पान उभे धरते, कडा दातेरीही होतात. खरा निवाडा देठाच्या बुडाशी. तिथे मटकीच्या दाण्याएवढ्या टणक गाठी धरतात, आत बीजाणू. एका देठाशी गाठी किती, त्यांचे देठ केवढे, गाठीवर दात आहेत की नाहीत, यावरून जात ठरते. आणि गाठी धरतात त्या बहुधा पाणी ओसरू लागल्यावर. म्हणजे तळे भरलेले असताना काढलेल्या देखण्या फोटोत नेमके हेच नसते.

पाणथळींच्या पाहणीला जाणारे मात्र पाणी पाहायला जातात. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी फिरकलेच, तर भेगाळलेली जमीन पाहून ‘पडीक’ लिहून मोकळे. २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत तात्पुरती पाणथळही बसते. (भातखाचरे वगळली आहेत, तिथे हेच नेचे तण म्हणून उपटले जाते.) पण पाणी आटल्यावर ते तिथे होते हे सांगणार कोण? पक्षी केव्हाच गेलेले. पाने वाळून मातीत मिसळलेली. गाठी तेवढ्या वाळल्या चिखलात तशाच, कित्येक वर्षे तग धरणाऱ्या. त्या हाती लागल्या की जातही कळते आणि इथे पाणी साचत होते हेही.

असे असूनही वनस्पतींच्या यादीत ‘इतर तण’ एवढ्यावर काम भागते. अशा यादीवर सही करणाऱ्याला एकच विचारावे: सोबत खुरपे नेले होते का?