तिची नोंद राहिली, कारण तिने चोरी केली

डब्लिनजवळच्या किंग्जटाउन बंदरातून २ सप्टेंबर १८४५ रोजी ‘टास्मानिया’ नावाचे जहाज निघाले. त्यावर शिक्षा झालेल्या १३८ स्त्रिया होत्या आणि त्यांची ३५ मुले. ३ डिसेंबरला ते होबार्टला लागले. ज्या बेटाचे हे बंदर, त्याला तेव्हा व्हॅन डीमेन्स लँड म्हणत; आज ते जहाजाच्याच नावाने ओळखले जाते. जहाजावरच्या मार्गारेट बटलरने कार्लो परगण्यात बटाटे चोरले होते. शिक्षा सात वर्षे. एलायझा डेव्हिसवर पोटचे मूल मारल्याचा गुन्हा शाबीत झाला होता. फाशी रद्द होऊन तिला जन्मभराचे काळे पाणी मिळाले. कायद्याने दोघींना एकाच जहाजात कोंबले. आणि त्याच सप्टेंबरात आयर्लंडच्या शेतांत बटाट्यावरचा रोग पहिल्यांदा दिसला!

१७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने ऑस्ट्रेलियाला सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी धाडले. त्यांत स्त्रिया पंचवीस हजारांच्या घरात. धंदा कोणता, या प्रश्नाला त्यांतल्या बहुतेकींचे उत्तर एकच असे : घरकाम. गुन्हाही बहुधा त्या घरकामातूनच आलेला. मालकिणीची शाल, एखादा झगा, वाळत घातलेली चादर. गहाणवटीच्या दुकानात कपड्याचे लगेच पैसे होत. दुष्काळ वाढला तसा आणखी एक गुन्हा वाढला : आग लावणे. काही बायकांनी आपल्याला समुद्रापार धाडावे म्हणूनच आग लावली. देशात उपाशी मरण्यापेक्षा काळे पाणी बरे, हा हिशेब करणारीला मी तरी वेडी म्हणणार नाही.

आता सरकारचे तर्कशास्त्र पाहा. डब्लिनमध्ये ग्रँजगॉर्मन नावाचा फक्त स्त्रियांचा तुरुंग १८३६ मध्ये सुरू झाला. पाठवणीआधी तिथे त्यांना शिवण, विणकाम, धुणे शिकवत. का, तर वसाहतीत त्यांनी चांगल्या मोलकरणी व्हावे! होबार्टला उतरल्यावर ‘ॲन्सन’ या जुन्या लढाऊ जहाजावर सहा महिने पुन्हा तेच शिक्षण, आणि मग कुणाच्या तरी घरी चाकरी. म्हणजे मोलकरीण म्हणून चोरी केली, त्याची शिक्षा काय, तर मोलकरीण होणे. फरक एवढाच, की इथे मालकिणीच्या पाठीशी दंडाधिकारी उभा होता.

तिथल्या कैद्यांच्या नोंदवह्या सुदैवाने टिकल्या आहेत. युनेस्कोने २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील कैद्यांच्या दप्तराला जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले. बाईची उंची पाव इंचापर्यंत मोजलेली, डोळ्यांचा रंग, नाकाची ठेवण, अंगावरचे व्रण, वाचता येते की नाही, सारे तपशीलवार. त्याखाली पुढच्या अपराधांची यादी : उद्धट बोलली, सांगितलेले काम केले नाही, न विचारता बाहेर गेली, रात्री उशिरा परतली, दारू प्यायली. वाचकहो, यांतल्या किती तक्रारी आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येतात, ते ज्याचे त्याने आठवावे. आपल्याकडे फार तर खाडा कापला जातो. तिथे अशा तक्रारीवरून कोठडी मिळे, किंवा कॅस्केड्सच्या कारखान्यात कपडे धुण्याची सक्ती.

कारखाना हे नुसते नाव. होबार्टजवळ डोंगराच्या सावलीत, ओढ्याकाठच्या दमट जागेत १८२८ मध्ये उघडलेला हा बायकांचा तुरुंगच होता. कामावर असताना बाईला दिवस गेले, की तिची रवानगी इथे होई. घरातल्या पुरुषाला कोणी काही विचारल्याचे फारसे दिसत नाही. बाळंत झाल्यावर, मूल अंगावरून तोडले की आईची पाठवणी शिक्षेच्या वर्गात, सहा महिन्यांसाठी. मूल पाळणाघरात राही, आणि त्या पाळणाघरांत मुले भराभर मेली. चोरीचा गुन्हा तरी तिने केला होता. या मुलांनी काय केले होते?

कैद्यांची पाठवणी १८५३ मध्ये बंद झाली. १८५६ मध्ये बेटाने नावही बदलले. जुने नाव फार बदनाम झाले होते. घरोघरी आजी-पणजीचा इतिहास दडवला गेला. आज नेमके उलटे झाले आहे. कॅस्केड्स २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि वंशज अभिमानाने आपली कैदी पणजी शोधत दप्तर चाळतात.

मला मात्र त्यांच्याबरोबरच्या दुसऱ्या बायकांचा विचार सोडत नाही. त्याच डब्लिनमध्ये, तशाच घरांत हजारो मोलकरणी राबल्या. त्यांनी शाल चोरली नाही, आग लावली नाही, चार शिव्या ऐकून गप्प बसल्या. त्यांची उंची कोणी मोजली नाही, डोळ्यांचा रंग कोणी लिहून ठेवला नाही. पुष्कळजणींचे तर नावही उरले नाही. एखाद्या गरीब बाईची विचारपूस सरकारने इतक्या बारकाईने केली, ती तिने कायदा मोडल्यावरच.

आणि ती विचारपूसही मुदतीचीच. कैदेत असताना लग्न करायचे तर सरकारची परवानगी लागे, म्हणून त्याची नोंद सापडते. शिक्षा पुरी झाल्याचा दाखला मिळाला, की वहीतले तिचे पान तिथेच संपते. त्यानंतर ती कोणाकडे कामाला राहिली, म्हातारपणी तिला कोणी सांभाळले, यासाठी त्या पानावर रकाना नाही.