मुलाचा दोष की घराचा भार?

वसतिगृहात नीट रुळलेला विद्यार्थी सुट्टीनंतर परततो तो निराळाच होऊन. अभ्यासात मन नाही, बोलणे तुटक, कधी मारामारी, कधी पळून जाण्याचा प्रयत्न. मग पालकांना बोलावले जाते, तक्रारींचा पाढा वाचला जातो आणि नाव कमी करण्याची ताकीद दिली जाते. निवासी शाळांमधील ही रूढ पद्धत बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९५० च्या दशकात रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबीयांनाही रुग्णालयात ठेवून त्यांचा अभ्यास केला. कुटुंब हा भावनिकदृष्ट्या एकसंध घटक असतो, हा त्यांच्या सिद्धान्ताचा गाभा. दोघांमधील ताण असह्य झाला की तिसरा त्यात ओढला जातो. हा तिसरा पुष्कळदा मूल असते. भांडण आईवडिलांचे असते. बिघडलेले मात्र मूल दिसते.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण साल्वादोर मिनुचिन यांचे आहे. न्यूयॉर्क राज्यातील विल्टविक या निवासी शाळेत गुन्ह्यांकडे वळलेली गरीब घरांतील मुले येत. त्यांत कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन मुले बहुसंख्य होती. शाळेत झालेली सुधारणा घरी परतल्यावर टिकत नाही, हे लक्षात आल्यावर मिनुचिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माता व भावंडांसह समुपदेशन सुरू केले. १९६७ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. वडीलधाऱ्यांची जबाबदारी अकाली पेलणारे मूलही त्यांनी टिपले.

असे मूल आपल्याला अनोळखी नाही. आईवडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेले की धाकट्यांचे आणि म्हाताऱ्या आजीचे सारे थोरल्या मुलीवर येते. तीच मुलगी वसतिगृहात गप्प बसून असते, तेव्हा तिचे मन घरच्या चुलीपाशी असते. तिला ‘मंद’ म्हणणे हा अन्याय आहे.

कोणतीही गोष्ट कारणांवाचून उद्भवत नाही, हे तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादाद्वारे सांगितले. सिगालोवाद सुत्तात मातापिता व अपत्ये, पती व पत्नी, आचार्य व शिष्य यांची कर्तव्ये परस्परांची म्हणून सांगितली आहेत. नात्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहण्याची ही दृष्टी आपल्या परंपरेतच आहे.

तथापि एक सावधगिरी हवी. कुटुंबाकडे बोट दाखवताना ते बहुधा आईवर येऊन थांबते. स्त्रीवादी अभ्यासकांनी या विचारपद्धतीवर हा आक्षेप घेतलाच आहे. शिवाय कुटुंब अधांतरी नसते. कर्ज, स्थलांतर, दारू आणि जातीचा अपमान उंबरठा ओलांडून घरात येतात. व्यक्तीच्या दुःखामागील समाजरचना पाहण्यास बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले. म्हणून मुलाला दोष देण्याआधी घर पाहावे आणि घराला दोष देण्याआधी समाज पाहावा.

यासाठी काही गोष्टी आपल्या हातात आहेत. तोडणीच्या हंगामाआधी प्रत्येक कुटुंबाशी एक निवांत बैठक व्हावी. तीत आजी आणि थोरली भावंडेही असावीत. ‘चूक कोणाची?’ याऐवजी ‘घरात कोण काय सांभाळते?’ हे विचारावे. गृहभेट झाल्यावाचून कोणाचेही नाव कमी करू नये. मारहाण वा अत्याचाराचा संशय असेल तिथे मात्र एकत्र बैठक घेऊ नये. आधी मुलाची सुरक्षितता पाहावी, १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाची मदत घ्यावी. समाजकार्य वा मानसशास्त्र शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातील काही दिवस या कामाला द्यावेत.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, ते ज्यांना शिक्षणाची दारे बंद होती त्यांच्यासाठी. त्या वारशावर उभ्या असलेल्या आपल्या संस्थांनी घरचा भार वाहणाऱ्या मुलाला पुन्हा दाराबाहेर उभे करू नये.